देवाशी केलेला सौदा मोडला तेव्हा: गोव्यातील एका ख्रिस्ती व्यसनमुक्ती समुदायातील प्रकरण

व्यसनमुक्तीच्या ख्रिस्ती समुदायांत वावरताना एक वाक्य पुन्हा पुन्हा कानी पडते, ते म्हणजे संकटानेच माणूस देवाजवळ येतो. अशाच एका समुदायात मी स्वयंसेवक म्हणून बसतो आणि हे वाक्य मनापासून मानतो. तरीही संकटाने ज्यांना देवापासून, घरापासून आणि अखेर जगण्यापासूनच दूर नेले अशी माणसेही मी तिथेच पाहिली आहेत. त्यामुळे संकट कोणत्या परिस्थितीत माणसाला आतून वाढवते आणि कोणत्या परिस्थितीत नुसते मोडते, हा प्रश्न मला फार निकडीचा वाटतो, आणि पुढील प्रकरण त्यासाठीच लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि समुदायाचे नाव दिलेले नाही. ज्यांची ही हकिगत आहे त्यांना तिथे सगळे 'भाऊ' म्हणतात, म्हणून इथेही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे.

पार्श्वभूमी

भाऊंचे घराणे गडहिंग्लज भागातले, मराठी भाषक प्रोटेस्टंट ख्रिस्ती. वडील तरुणपणी मुरगाव बंदरात कामाला आले आणि निवृत्तीनंतर गावी परतले. भाऊ वास्कोत वाढले, तिथल्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेत पेटी वाजवू लागले आणि पुढे खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर झाले. ज्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे की मांडवी आणि जुवारी या नद्यांवरून त्या काळी लोहखनिजाने भरलेल्या बार्ज एकामागून एक मुरगाव बंदराकडे जात असत, पावसाळ्यात मांडवीच्या मुखातून जाणे अशक्य झाले की त्याच बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत, आणि खलाशी, सारंग, ड्रायव्हर, दुरुस्ती करणारे कारागीर, धक्क्यावरचे खानावळवाले अशा असंख्य कुटुंबांचा संसार या वाहतुकीवर चालत असे.

10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बंदी घातली. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाची मुभा मिळाली, काम हळूहळू सुरू झाले, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर 16 मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. या निर्णयांमागे बेकायदा उत्खननाची आणि उद्ध्वस्त होणाऱ्या शेता-झऱ्यांची गंभीर कारणे होती, हे मान्यच आहे. पण भाऊंसारख्या माणसाच्या घरात या तारखा पगार बंद होण्याच्या तारखा म्हणून शिरल्या, आणि व्यसनाची हकिगत सांगताना तो संदर्भ गाळला तर सगळा दोष एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर येऊन पडतो.

तरीही भाऊंची दारू खाणबंदीमुळे सुरू झाली असे म्हणणे खरे ठरणार नाही. ती बार्जवर असतानाच होती, पाळी संपल्यावर चार जणांत बसून घेतलेल्या फेणीच्या रूपाने, आणि मार्च ते मे या काजूच्या हंगामात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, निघाला की तिला कोणी दारू म्हणतही नसे. 2012 नंतर बदल झाला तो वेळेत. रिकामी सकाळ त्यांना सोसेना, म्हणून सकाळीच प्यायला सुरुवात झाली. पुढे हाताचा कंप थांबवण्यासाठी दात घासण्याआधी घोट लागू लागला. 2014 नंतर काम पुन्हा मिळाले तरी सकाळ सुटली नाही. या काळात घर चालवले ते त्यांच्या पत्नीने, शाळांचे गणवेश शिवून. त्यांना आम्ही वहिनी म्हणतो. मुलगी तेव्हा शाळेत होती.

याच काळातली एक घटना पुढे सगळ्या प्रकरणाच्या मध्यभागी आली, म्हणून ती इथेच नोंदवतो. 2016 मध्ये भाऊंनी वहिनींची सोन्याची पाटली गुपचूप गहाण टाकली. पाटली हरवल्याचे लक्षात आल्यावर वहिनींकडे शिवणकाम शिकायला येणाऱ्या शेजारच्या एका मुलीवर संशय गेला. भाऊ तिथेच बसले होते आणि त्यांनी तोंड उघडले नाही. मुलीचे येणे बंद झाले, वाड्यावर कुजबुज झाली, आणि तिच्या आईने तिला काही महिन्यांसाठी मामाकडे पाठवून दिले.

प्रार्थना आणि आकडी

2018 च्या जुलैमध्ये एका घरगुती प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी भाऊंना सांगितले की बाटली आजच फेकून दे आणि विश्वास ठेव, देव लगेच मुक्त करील. भाऊंनी खरोखर बाटली फेकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना आकडी आली.

या ठिकाणी स्पष्ट बोलणे भाग आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली तर शरीरावर होणारा परिणाम श्रद्धेच्या कमी-अधिक असण्यावर अवलंबून नसतो. साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत आकडीचा धोका असतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, भास, ताप आणि प्रचंड अस्वस्थता अशी अवस्था येऊ शकते, जी उपचाराविना जीवघेणी ठरू शकते. क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध क्रमाक्रमाने कमी करत देणे आणि मेंदूच्या रक्षणासाठी थायमिन हे जीवनसत्त्व टोचणे हे काम रुग्णालयाचेच आहे. भाऊंना बांबोळीच्या रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. ज्यांनी त्यांना सल्ला दिला त्यांचा हेतू प्रेमाचा होता याविषयी मला शंका नाही, पण अशा सल्ल्याने माणसे दगावतात, आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे. त्याआधी कोणीतरी वहिनींनाही नवऱ्याच्या नकळत जेवणात मिसळायची गोळी आणून दिली होती. डायसल्फिरामची अशी गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकाएकी घसरून हृदयावर बेतू शकते. वहिनींनी ती घातली नाही, याबद्दल आजही मला हायसे वाटते.

रुग्णालयातून निघाल्यावर भाऊ स्वतःच्या संमतीने बार्देशातील आमच्या निवासी केंद्रात दाखल झाले. संमतीचा उल्लेख मुद्दाम करतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे, आणि धरून आणून डांबलेल्या माणसाची आध्यात्मिक वाढ वगैरे गोष्टी बोलण्यात काही अर्थ नाही.

समुदाय कसा चालतो

महाराष्ट्रातील वाचकांना पुण्याचे 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभे केलेले मुक्तांगण परिचित असते. मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये सुरू केलेली कृपा फाउंडेशन व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देते. आमचा समुदाय लहान आहे, पण त्याची मुळेही त्याच बारा पायऱ्यांत आहेत. 1935 मध्ये अमेरिकेतील अॅक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या मद्यासक्तांच्या संगतीचा जन्म झाला. दोघेही तेव्हा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना जात, आणि दोष दुसऱ्या माणसाजवळ उघड कबूल करणे, केलेल्या नुकसानीची भरपाई करणे, रोज स्वतःला तपासणे या त्या चळवळीतील गोष्टी पुढे या संगतीच्या बारा पायऱ्यांत उतरल्या. पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख 'आम्हाला उमगला तसा' या शब्दांसह येतो, म्हणून आमच्याकडे पेडण्याचे एक वारकरी गृहस्थ सकाळी हरिपाठ म्हणत आणि त्यांच्या शेजारी सासष्टीचा एक तरुण रोझरी म्हणत असे, यात कोणालाच अडचण वाटत नसे. समुदाय ख्रिस्ती आहे तो त्याच्या प्रार्थनेमुळे आणि त्याला चालवणाऱ्या धर्मगुरूंमुळे. दाराशी कोणाला धर्म विचारला जात नाही, आणि धर्मांतराची बोलणी केलेली खपवून घेतली जात नाहीत.

दिनक्रम साधा असतो. पहाटे उठणे, आसने, प्रार्थना, स्वयंपाकघराची किंवा बागेची पाळी, दुपारी समुपदेशन, संध्याकाळी बैठक. भाऊंना पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघर मिळाले. बैठकीत मात्र ते बरेच आठवडे मुके राहिले. बैठका कोकणी आणि इंग्रजीत चालत; भाऊंना कोकणी येत होती, पण ती बार्जवरची, थट्टामस्करीची, आणि आतले दुखणे त्या भाषेत सांगायची त्यांना सवय नव्हती. एका संध्याकाळी त्यांच्या स्पॉन्सरांनी, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर त्यांचा हात धरणाऱ्या मडगावच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी, त्यांना सांगितले, "भाऊ, तुम्ही मराठीतच बोला. आम्हाला सगळ्यांना समजते." गोव्यात यात काहीच नवल नाही. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच सासष्टीत राहिले, आणि त्यांचे काव्य 1616 मध्ये राचोलला छापले गेले. त्या दिवसानंतर भाऊ बोलू लागले, आणि काही दिवसांनी पेटीही पुन्हा उघडली. नारायण वामन टिळकांची पदे ते लहानपणापासून म्हणत आले होते.

घाईने दिलेली साक्ष

आता या प्रकरणातील आमच्या बाजूच्या चुकीकडे येतो. नोव्हेंबर 2018 मध्ये, दारू सोडून चार महिने झाले असताना, वास्कोच्या बाजूच्या एका मेळाव्यात भाऊंना साक्ष देण्यासाठी, म्हणजे देवाने आपले जीवन कसे बदलले ते लोकांसमोर सांगण्यासाठी, बोलावणे आले आणि समुदायाने त्यांना जाऊ दिले. ते सुंदर बोलले. लोक रडले, टाळ्या झाल्या, अनेकांनी पुढे येऊन त्यांचे हात धरले. त्यानंतर आणखी बोलावणी आली, आणि प्रत्येक वेळी हकिगत थोडी अधिक नेटकी होत गेली: खाणी बंद पडल्या, मी दारूत बुडालो, देवाने मला उचलले, आता मी मोकळा आहे. पाटलीचा आणि त्या मुलीचा उल्लेख एकाही साक्षीत नव्हता.

साक्ष ही ख्रिस्ती जीवनातील मोलाची गोष्ट आहे आणि तिचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु नव्याने सुटलेल्या माणसाला व्यासपीठावर उभे करणे त्याच्यासाठी धोक्याचे असते, कारण शंभर लोकांसमोर मी मोकळा झालो असे सांगून आल्यावर, रात्री प्यावेसे वाटते आहे हे दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सांगायला जीभ वळत नाही. भाऊंच्या बाबतीत नेमके हेच घडले. जानेवारीपासून त्यांना पुन्हा ओढ लागली होती, आणि त्यांनी ती कोणालाही सांगितली नाही.

एप्रिल 2019 मध्ये, पवित्र सप्ताहात, त्यांनी वहिनींना फोन करून ईस्टरला घरी येतो म्हणून सांगितले. त्यांच्या मनात ते परत राहायला येणे होते. वहिनींनी सांगितले की जेवायला जरूर या, पण राहायला नको, अजून नको. भाऊ जेवायला गेलेच नाहीत. काजूचा हंगाम भरात होता, हुर्राक गल्लोगल्ली मिळत होता, आणि 21 एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, ते एका तावेर्नच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, बाकावर सापडले.

वहिनींची बाजू

इथे थोडे थांबून वहिनींविषयी लिहिले पाहिजे, कारण अशा प्रकरणांत पत्नीच्या वाट्याला बहुधा एकच काम ठेवलेले असते, क्षमा करण्याचे. भाऊंच्या स्लिपनंतर, म्हणजे ते पुन्हा प्यायल्यानंतर, मंडळीतील दोघी-तिघी त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनी नकार दिला म्हणून तो प्यायला, असे आडवळणाने सुचवून गेल्या. हे ऐकून मला संताप आला होता आणि तो अजून गेलेला नाही. पिणाऱ्याच्या पिण्याचे कारण दुसऱ्याच्या नकारात शोधणे हे व्यसनाचेच तर्कशास्त्र आहे, आणि चांगल्या बायकाही ते नकळत बोलू लागतात.

वहिनी त्या वर्षी अल-अनॉनच्या बैठकांना जाऊ लागल्या होत्या. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठीची ही संगत 1951 मध्ये बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि तीही त्याच बारा पायऱ्यांवर चालते. तिथे वहिनींनी शिकलेली गोष्ट त्यांनी धर्मगुरूंना एका वाक्यात सांगितली: "फादर, मी त्यांना क्षमा केली आहे, पण घराची किल्ली देणार नाही." क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली एका माणसाला एकट्याने देता येते, दुसरी दोघांच्या वागण्यातून वर्षानुवर्षे उभी राहते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात आध्यात्मिकदृष्ट्या सर्वांत प्रौढ माणूस कोणी असेल तर त्या वहिनी.

परत आल्यावर

मे महिन्यात भाऊ परत आले. समुदायाने त्यांना परत घेतले, पण या वेळी दोन अटी घातल्या: वर्षभर कुठेही साक्ष द्यायची नाही, आणि चौथी पायरी, म्हणजे स्वतःच्या जीवनाची लेखी तपासणी, पूर्ण केल्याशिवाय केंद्र सोडायचे नाही.

सुरुवातीला त्यांना समजावू पाहणारे पुष्कळ होते. देव तुझी परीक्षा घेत आहे, देवाने तुला नम्र करण्यासाठी पाडले, पौलाने रोमकरांना लिहिले आहे की संकटाने धीर येतो, धीराने शील आणि शीलाने आशा. ही सगळी वाक्ये पवित्र शास्त्राच्या आधाराचीच होती, आणि तरीही स्पॉन्सरांनी ती थांबवली. त्यांनी बायबलमधील ईयोबाची कथा काढली. ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, आणि तोपर्यंत त्यांचे बरोबर होते. त्याच्या दुःखाचा अर्थ लावायला ते बोलू लागले तेव्हा त्यांचे बिघडले, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. पौलाचे वाक्य खरे आहे, पण पौल ते स्वतःच्या संकटांविषयी लिहितो; दुसऱ्याच्या जखमेवर ते चिकटवण्याचा अधिकार त्यामुळे कोणाला मिळत नाही.

चौथ्या पायरीचे लेखन भाऊंनी एका दोनशे पानी वहीत केले. पाचवी पायरी सांगते की हे दोष ईश्वराजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ कबूल करावेत. ती बैठक एका दुपारी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी संपली. वहीत काय होते ते भाऊ आणि ऐकणारा या दोघांपुरतेच आहे, पण भाऊंनी पुढे स्वतः बैठकीत जे सांगितले ते लिहायला हरकत नाही. त्यांनी वहीच्या एका पानावर देवाला केलेली मागणी आणि आपण दिलेली किंमत समोरासमोर लिहिली होती: इतके महिने दारू सोडली, इतक्या उपासनांना पेटी वाजवली, इतक्या ठिकाणी तुझे नाव सांगितले, आणि तू मला माझे घर दिले नाहीस. लिहून झाल्यावर त्यांना दिसले की ते देवाची भक्ती करत नव्हते, त्याच्याशी सौदा करत होते, आणि सौदा मोडला म्हणून त्यांनी दुसरी बाजूही मोडली होती. आधीच्या साक्षींत हे कधीच आले नसते, कारण सौदा पुरा होईल या आशेवरच त्या साक्षी उभ्या होत्या. या प्रकरणात जी वाढ झाली ती माझ्या समजुतीप्रमाणे या पानापासून सुरू झाली. तिला कारण संकट होते हे खरे, पण तेच संकट आधीही होते आणि तेव्हा त्यातून काही उगवले नव्हते. या वेळी ते कोणासमोर तरी, न सजवता, आणि उत्तराची घाई नसलेल्या माणसासमोर मांडले गेले.

पाटलीची भरपाई

आठव्या आणि नवव्या पायरीत, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून, त्यांना किंवा इतरांना आणखी इजा होणार नसेल तिथे भरपाई करायची असते. वहिनींना पाटलीचे खरे भाऊंनी आधीच सांगितले होते. शेजारची ती मुलगी उरली होती.

भाऊंच्या मनात बायबलमधील जक्कय या जकातदाराचे उदाहरण होते, ज्याने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. तिचे शिकणे बुडाले त्याचे चौपट पैसे द्यायचे, अशी त्यांची योजना होती. स्पॉन्सरांनी विचारले, "तिने पैसे मागितले आहेत का?" मागितले नव्हते. मग आधी तिला काय हवे ते विचारावे, असे ठरले, आणि भेटायला तिची तयारी आहे का हे वहिनींच्या मार्फत आधी विचारून घेतले गेले, कारण अचानक दारात उभे राहणे हाही तिच्यावरचा अन्याय झाला असता.

सप्टेंबर 2019 मध्ये भेट झाली. तोवर ती मुलगी एका दुकानात कामाला लागली होती. भाऊंनी सांगितलेले तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "मला तुमची माफी नको. हे माझ्या आईसमोर सांगा, आणि त्या वेळी जे वाड्यावर होते त्यांच्यासमोर सांगा." भाऊंनी ते केले. वहिनी सोबत होत्या. वाड्यावरच्या सात-आठ घरांतली माणसे होती, भाऊंना ओळखणारी, त्यांच्या साक्षीला टाळ्या वाजवणारी काही त्यांच्यातच होती. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मुलीची आई बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून आत गेली आणि बाहेर आली नाही. भाऊंनी अर्धा तास वाट पाहिली आणि ते निघून आले.

त्या आईने त्यांना अजूनही क्षमा केलेली नाही. मला हे सांगणे महत्त्वाचे वाटते, कारण भरपाईच्या हकिगती बहुधा गळाभेटीने संपवल्या जातात. भाऊ त्या रात्री बैठकीत म्हणाले की आपल्याला काहीच परत मिळाले नाही, आणि तरी आपण प्यायला गेलो नाही. हे त्यांना स्वतःलाही नवीन होते. पाच महिन्यांपूर्वी याच माणसाला एका जेवणाच्या निमंत्रणातला 'अजून नको' सोसला नव्हता.

एप्रिल 2020

24 मार्च 2020 च्या रात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. भाऊ तोवर केंद्रातच पगारी स्वयंपाकी झाले होते. एप्रिलमध्ये गडहिंग्लजला त्यांचे वडील वृद्धापकाळाने गेले. सीमा बंद होत्या, परवाना वेळेत मिळाला नाही, आणि दफनविधी त्यांनी चुलतभावाच्या फोनवरून पाहिला, तोही मधेच संपर्क तुटल्यामुळे अर्धा.

त्या संध्याकाळच्या बैठकीत भाऊंनी प्रार्थना केली नाही. त्यांनी बायबलमधील 88 वे स्तोत्र वाचले. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे अनेक आहेत, पण त्यांतील बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. हे एक वळत नाही, आप्तमित्र दूर गेले आणि उरला तो अंधार, इथेच ते संपते. वाचून झाल्यावर भाऊ म्हणाले की मला आज देवाचा राग आला आहे आणि तो राग मी त्यालाच सांगणार आहे, कारण दुसरे कुठे सांगायला गेलो तर ते ठिकाण तावेर्न असेल. कोणीही त्यांना दुरुस्त केले नाही. ते ज्या पाट्यावर वाटण वाटत तिथे पुढचा आठवडाभर रोज पहाटे कोणी ना कोणी त्यांच्यासोबत बसत असे; पेडण्याचे वारकरी गृहस्थ, ज्यांना स्वतःची माणसे महिनाभर भेटली नव्हती, ते सर्वांत जास्त वेळ बसले. मेच्या सुरुवातीला दारूची दुकाने पुन्हा उघडली तेव्हा भाऊंनी आपणहून सांगितले की उद्याचा दिवस मला एकट्याने बाजारात पाठवू नका. ओढ सांगता येणे हीच त्यांच्या प्रगतीची मी मानलेली सर्वांत भक्कम खूण. सुंदर प्रार्थना त्यांना आधीही येत होती.

अशा संगतीला किती यश येते, असा प्रश्न डॉक्टर मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली, आणि माणसाला बारा पायऱ्यांच्या संगतीशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार अखंड मद्यवर्ज्य राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे आढळले. खुद्द गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या मोजक्या भेटींचाही अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना लाभ झाला. म्हणजे सामान्य माणसाने सामान्य माणसाला सावरणे ही केवळ भाबडी श्रद्धा नाही. मात्र आध्यात्मिक वाढ अशा अभ्यासांत मोजली जात नाही, ती वागण्यातूनच ताडावी लागते, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबॉट 1884 मध्ये दारू सोडून 1925 मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ एकेचाळीस वर्षे, काम आणि प्रार्थना करत राहिला. त्याच्या हयातीत त्याच्यासाठी कोणी मेळावा भरवला नाही. चर्चने त्याला 'वंदनीय' ठरवले ते 1975 मध्ये.

सद्यस्थिती

भाऊ म्हापशात भाड्याच्या खोलीत राहतात आणि केंद्राच्या स्वयंपाकघराचे काम पाहतात. यकृताची तपासणी ठरलेल्या वेळी होते, मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी चालू आहेत, आणि दोन तरुणांचे ते स्पॉन्सर आहेत. त्यांपैकी एक मध्येच सोडून गेला, त्याला ते अजून फोन करतात. रविवारी ते वास्कोला उपासनेला जातात. पेटी आता दुसरा मुलगा वाजवतो, आणि ती परत मागण्याचा विषय त्यांनी काढलेला नाही. साक्षीची अट कधीच संपली असली तरी त्यांनी स्वतःसाठी एक नियम ठेवला आहे: पाटलीची गोष्ट सांगितल्याशिवाय साक्ष द्यायची नाही, आणि मुलीची ओळख पटेल अशा कोणत्याही ठिकाणी ती सांगायची नाही. त्यामुळे वास्कोतली बोलावणी त्यांना नाकारावी लागतात.

भाऊ आणि वहिनींची मुलगी नर्सिंग शिकते. तिच्या शुल्काचा निम्मा वाटा भाऊ भरतात, आणि वहिनींच्या अटीप्रमाणे ती रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात जाते. ईस्टरला आणि नाताळला ते घरी जेवायला जातात आणि रात्रीच्या बसने परततात. एकत्र राहण्याचा प्रश्न मुलीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत काढायचा नाही, असे दोघांनी मिळून ठरवले आहे, आणि तो निर्णय वहिनींनी सुचवला, भाऊंनी मान्य केला.